कोडाईकनालचा पारा

अमेरिकेतल्या वॉटरटाउनचा थर्मामीटर कारखाना १९८०च्या दशकात तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या डोंगरावर आला. पुढे तो मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान लिव्हरकडे गेला.

मार्च २००१मध्ये कोडाईकनालच्या मुंजिक्कल भागातल्या भंगारवाल्याकडे या कारखान्यातल्या गोणीबंद फुटक्या काचा सापडल्या. काचांना पारा चिकटलेला होता. पारा साध्या तापमानालाही हवेत उडतो. त्या वाफेला ना रंग, ना वास. कामगार ती श्वासात घेत राहिले, त्यांना कळणार तरी कसं? कारखाना बंद पडला आणि २००३मध्ये २९० टन पारायुक्त कचरा जहाजानं अमेरिकेला परत गेला.

मग सुरू झाली तज्ज्ञांची लढाई. २००६मध्ये कामगार चेन्नईच्या मद्रास उच्च न्यायालयात गेले. न्यायालयानं नेमलेल्या समितीला त्यांच्या आजारांचा पाऱ्याशी पुरेसा संबंध दिसला नाही. २०११मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या समितीला मात्र तो दिसला. एकच कारखाना, तेच कामगार, अहवाल दोन! आजार सिद्ध करण्याचं ओझं आजारी माणसावरच टाकलं जावं, हा मोठा अन्याय आहे.

२०१५मध्ये चेन्नईच्या सोफिया अशरफचं या प्रश्नावरचं रॅप गाणं जगभर पोहोचलं. मार्च २०१६मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीनं तडजोड केली. रक्कम गुप्त राहिली.

कारखान्याच्या आवारातली पारा मिसळलेली माती उरलीच. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं आखलेल्या सफाईच्या योजनेत मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा चालेल असं ठरलं. कारखान्याच्या खाली पांबर शोलाचं जंगल आहे. ब्रिटनमध्ये घरांच्या जमिनीसाठी निकष या मर्यादेहून कितीतरी कडक आहे, असं कार्यकर्ते सांगत राहिले.