नेसण्याचा किल्ट आणि घालण्याचा किल्ट

वस्त्रांच्या बाबतींत आपल्या भाषेनें एक भेद फार दिवसांपासून कटाक्षानें पाळला आहे. धोतर, लुगडें, पंचा हीं नेसावयाचीं. सदरा, बंडी, विजार हीं घालावयाचीं. घोंगडी व शाल हीं पांघरावयाचीं. आणि पागोटें तर बांधावयाचें. एखाद्या तरुणानें ‘धोतर घातलें’ असें म्हटलें तर जुनीं माणसें अजून हसतात. हा भेद केवळ बोलण्यांतील लकब नव्हे; त्याच्या मुळाशीं शिंप्याची सुई आहे. विणकराच्या मागावरून उतरून जें सरळ अंगावर येतें तें नेसण्याचें, आणि जें वाटेंत शिंप्याच्या हातून जातें तें घालण्याचें. आतां स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांतील पुरुषांचा जो किल्ट, तो नेसतात म्हणावें कीं घालतात म्हणावें? प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. परंतु आज ज्या कोणास स्वस्त, साधा व रोज वापरतां येईल असा किल्ट हवा आहे, त्याच्या अडचणीचें मूळ आमच्या मतें या एका क्रियापदांत आहे. आणि तें उकलून पाहण्यास अहमदनगर जिल्हा, म्हणजे २०२४ सालापासूनचा अहिल्यानगर जिल्हा, ही जागा चांगली आहे.

या जिल्ह्याचा व हायलंडर लोकांचा संबंध आम्ही ओढूनताणून आणीत आहों असें नाहीं. सन १८०३ च्या ऑगस्ट महिन्याच्या ८ तारखेस आर्थर वेलस्लीनें शिंद्यांच्या ताब्यांतील नगरच्या पेठेवर शिड्या लावून हल्ला केला, त्यांत ७४ वी व ७८ वी अशा दोन हायलंडर पलटणी होत्या. ७८ व्या पलटणीचा कॉलिन क्यांबेल हा तरवार मनगटास अडकवून शिडीनें तटावर चढला, हें पुढें पुष्कळांनीं वर्णिलें आहे. पेठ त्याच दिवशीं पडली व १२ तारखेस किल्लाहि खालीं झाला. या मोहिमेंतील हायलंडर शिपायांचीं मागाहून जीं चित्रें काढण्यांत आलीं त्यांत त्यांच्या कमरेस किल्ट झळकतात. वस्तुतः हिंदुस्थानांतील उष्म्यांत या पलटणी बहुधा किल्ट बाजूस ठेवून सुती विजारी वापरीत. म्हणजे मौज अशी कीं, ज्या पेठेंतले पुरुष पिढ्यान् पिढ्या कमरेस कापड गुंडाळून उन्हाळे काढीत आले, त्या पेठेवर चढून येणाऱ्या मूळच्या ‘नेसणाऱ्या’ लोकांस मात्र विजार घालावी लागे. दोष गुंडाळण्याच्या रीतीचा नव्हता. लोंकरीचा व वजनाचा होता. पुढें सहा वर्षांनीं, सन १८०९ मध्यें, ७४ वी धरून कांहीं पलटणींचा किल्ट सरकारनें अजिबात काढून घेतला. दक्षिणेकडील इंग्रज तरुण हा पोषाख असलेल्या पलटणींत भरती होण्यास राजी नसत, हें त्याचें कारण. ७८ वीचा मात्र राहिला.

पण हा जो पलटणींतील किल्ट, तो मूळचा नव्हेच. मूळचें वस्त्र म्हणजे मोठा प्लेड. आणि प्लेड समजावयास आपल्या वाचकांस स्कॉटलंडला जाण्याची गरज नाहीं, पारनेर तालुक्यांतील धनगराची घोंगडी पाहिली म्हणजे पुरे. चारपांच वार लांबीचें लोंकरी कापड. माग अरुंद असल्यानें दोन पट्टे शेजारीं शेजारीं शिवून त्याचा पन्हा वाढविलेला. तें जमिनीवर पसरावयाचें, हातानें त्याच्या निऱ्या घालावयाच्या, त्यावर उताणें निजून कमरेस पट्टा आवळावयाचा व उठून उभें राहावयाचें. पट्ट्याखालचा भाग गुडघ्यापर्यंत येई, वरचा भाग खांद्यावर टाकून टांचणीनें अडकवीत; पाऊस आला कीं तोच डोक्यावर, आणि रात्रीं पट्टा सोडला कीं तेंच अंथरूण व तेंच पांघरूण. दख्खनी मेंढीच्या लोंकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली आपली घोंगडीहि असाच संसार करते. पावसांत तिची खोळ होते, बसावयास ती आसन होते, रात्रीं वाड्यावर ती बिछाना होते. धवळपुरीकडील मेंढपाळ पावसाळा सरल्यावर कळप घेऊन कोंकणाकडे उतरतात तेव्हां त्यांच्या सामानांत कपड्यांचें गांठोडें फार मोठें नसतें, याचें कारण हेंच. ज्या अहिल्याबाईंचें नांव आतां जिल्ह्यास मिळालें आहे त्यांचा जन्म जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं, धनगर कुळांतच सन १७२५ मध्यें झाला; आणि तिकडे स्कॉटलंडांत प्लेडच्या भवितव्याचा निकाल लागत होता तोहि साधारण त्याच सुमारास, ही तारखांची गंमत म्हणून सांगून ठेवतों. प्लेड काय किंवा घोंगडी काय, विकत घ्यावयास हलकी नव्हे. लोंकर कातणें व विणणें यांस दिवस मोडतात. तरी ती गरिबास परवडते, कारण एका वस्त्रांत चार वस्त्रांचें काम होतें व शिलाईस दिडकीहि द्यावी लागत नाहीं.

मोठ्या प्लेडचा धाकटा किल्ट कसा झाला याविषयीं एक कथा प्रसिद्ध आहे. टॉमस रॉलिन्सन नांवाचा एक इंग्रज क्वेकर कारखानदार सुमारें १७२७ च्या पुढें ग्लेनगरीच्या मॅक्डोनेल सरदाराच्या मुलखांत लोखंडाची भट्टी चालवीत होता. जंगलतोडीस व भट्टीवर लावलेल्या हायलंडर मजुरांस तो लांबलचक प्लेड अडचणीचा होई. म्हणून त्याचा वरचा अर्धा भाग कापून टाकून खालचा तेवढा ठेवावा व निऱ्या शिवून पक्क्या कराव्या, असें त्यानें ठरविलें म्हणतात. ही हकीकत सन १७८५ मध्यें छापून आली, आणि तेव्हांपासून तिजवर वाद चालू आहे. हायलंडर लोक त्यापूर्वींहि नुसता खालचा भाग नेसत, असें कित्येक अभ्यासकांचें म्हणणें आहे. एका परकी कारखानदारानें एका राष्ट्राचा राष्ट्रीय पोषाख निर्माण केला ही कल्पना कांहींना झोंबते व कांहींना तिचाच फार आनंद होतो. आम्हांस त्या भांडणांत रस नाहीं. आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी. निऱ्यांवर पहिला टांका पडला त्या दिवशीं किल्ट हा नेसण्याच्या वर्गांतून घालण्याच्या वर्गांत गेला. अंथरूण गेलें, पांघरूण गेलें, डोक्यावरची खोळ गेली. एका वस्त्राच्या जागीं आतां कोट, टोपी, कांबळें अशीं तीन चार घेणें आलें. वर शिंप्याची मजुरी.

इतकें होऊनहि तो मजुराचा पोषाख राहिला असता. पण १७४६ चा कायदा आड आला. कलोडनच्या लढाईनंतर हायलंडरांची मोड कायमची व्हावी म्हणून पार्लमेंटनें त्यांच्या पोषाखासच बंदी केली. १ ऑगस्ट १७४७ पासून सरकारी पलटणींतील शिपायाखेरीज कोणा पुरुषानें वा मुलानें प्लेड किंवा किल्ट वापरला तर पहिल्या खेपेस सहा महिने कैद आणि दुसऱ्या खेपेस सात वर्षें काळें पाणी. हा कायदा १७८२ मध्यें उठला. मधल्या पस्तीस वर्षांत विजार घालून वाढलेली एक पिढी उभी राहिली होती. कायदा उठला म्हणून ती काय पुन्हां प्लेड नेसावयास धांवणार! धांवले ते एडिंबरो व लंडन येथील जमीनदार, वकील, सेनापति. सन १८२२ च्या ऑगस्टांत चौथा जॉर्ज राजा एडिंबरोस आला, सर वॉल्टर स्कॉट यानें त्या समारंभाची मांडणी केली, आणि राजाच्या हायलंडी पोषाखाचें बिल झालें १३५४ पौंड १८ शिलिंग. त्यांत शस्त्रें व जडजवाहीर होतें हें खरें. तथापि रात्रीं गवतावर पसरून निजण्याच्या कापडाचें शंभर वर्षांच्या आंत हें व्हावें, हें वाचून आम्हांस पुनःपुन्हां नवल वाटत आलें आहे. आज जो नवखा मनुष्य दुकानांत शिरून ‘रोज वापरायचा किल्ट दाखवा’ म्हणतो व किंमत ऐकून परत फिरतो, तो लोंकरीची किंमत फार नसून या १८२२ सालची किंमत ऐकत असतो.

हें परदेशांतील कौतुक म्हणून सोडून द्यावें तर आपल्या घरींहि तेंच चाललें आहे. नगर, भिंगार, संगमनेर येथें लुगडीं व पागोटीं विणण्याचा धंदा एके काळीं जोरांत होता. १८८४ सालच्या सरकारी ग्याझेटियरांत त्याचें वर्णन आहे. साळी, कोष्टी व तेलंगणांतून आलेले पद्मशाली अशा जातींचीं घरें त्यावर चालत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनीं नगरासच हातमागाची एक सुधारलेली, अधिक वेगाची जात बनविली, आणि तिचा बोलबाला मुंबई-मद्रासपर्यंत झाला. गिरण्यांच्या कापडापुढें हात टेकूं नयेत म्हणून तो खटाटोप होता. पुढें काय झालें तें नगरकरांस ठाऊक आहे. माग एकेक करून थांबले, आणि ज्या पद्मशाली घरांत साऱ्या कुटुंबाचे हात सुताशीं खेळत त्यांतल्या कित्येक बायांचे हात विड्या वळूं लागले. धोतर नेसणारा बाजाराच्या दिवशीं अजून दिसतो, पण तो बहुधा म्हातारा. उलट लग्नसराईंत नवरदेवाकरितां निऱ्या शिवलेलें, नाडीचें ‘रेडिमेड’ धोतर कापडबाजारांत हारीनें टांगलेलें असतें; शिवलेली नऊवारीहि असते. एक दिवस अंगावर चढवावयाचें व पेटींत ठेवावयाचें. धोतर नेसण्याचें बंद होऊन घालण्याचें झालें, तेव्हांच तें रोजचें न राहतां समारंभाचें झालें. रॉलिन्सन व चौथा जॉर्ज या दोघांचें काम आपण एकाच दुकानांत उरकून घेतलें आहे.

येथें आंकड्यांची एक तुलना करण्याचा मोह आवरत नाहीं. उत्तम, भरगच्च किल्टास आठ वार कापड लागतें याचा स्कॉच लोकांस मोठा अभिमान. शेवगांव-पाथर्डीकडे शेतांत खुरपणी करणारी म्हातारी नऊ वार नेसून, कासोटा मारून, दिवसभर वांकून काम करते, आणि तिला त्याचा अभिमान बाळगण्यास सवड नसते. कापड पुष्कळ आहे म्हणून वस्त्र महाग वा अवघड होतें असें नाहीं, हें तिच्याकडे पाहून कळावें.

तर मग घ्यावयाचा कोणता? आठ वारांचा, हातानें शिवलेला, वारास सोळा औंस वजनाच्या लोंकरीचा किल्ट हा रोजच्या वापरासाठीं नव्हेच. तो स्कॉटलंडच्या थंडींत व लग्नांत शोभावा. आपल्याकडे तर त्याची गोष्टहि नको. तेरा औंसांची लोंकर मध्यम, दहाअकरा औंसांची हलकी. पण हलक्या कापडाच्या निऱ्या लवकर मोडतात, हें लक्षांत ठेवावें. स्वस्त म्हणून जे मिळतात त्यांतील पुष्कळ पाकिस्तानांत सियालकोटास तयार होतात. तेथें बॅगपाइप वाद्येंहि होतात. ते ॲक्रिलिकचे किंवा पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रणाचे असतात. मिश्रण धुण्यास सोपें व निऱ्या बऱ्या धरतें. ॲक्रिलिक उन्हांत उबतें व त्यावर लवकर गोळे येतात, तें आम्ही घेऊं नये असेंच सांगूं. तिसरा प्रकार जाड सुती कापडाचा, खिसे लावलेला. अमेरिकेंत सिॲटल येथें २००० च्या सुमारास त्याचा धंदा निघाला व काम करणाऱ्या माणसांनीं तो उचलला. प्लेडच्या मूळ हेतूच्या जवळ जाणारा आधुनिक प्रकार तोच. या कुठल्याहि प्रकारांत आठाऐवजीं चार वारांचा घ्यावा. चार वार म्हणजे सुमारें एका धोतराचें कापड. तेवढ्यांत माणसाची अब्रू हजारों वर्षें नीट झांकली गेली आहे.

परंतु खरा परवडणारा किल्ट हवा असेल तर आमचा सल्ला असा कीं, शिवलेला घेऊंच नये. कापड घ्यावें व नेसावें. हिशेब सोपा आहे. लोंकरी टार्टन बहुधा दुहेरी पन्ह्याचें मिळतें. त्याचे दोन वार घेऊन मधोमध उभें चिरलें कीं एकेरी पन्ह्याचे चार वार होतात, व एक जोड तेवढा शिवावा लागतो. सुती हातमागाचें घेतलें तर तोहि नको. आपल्या निऱ्या पुढें असतात, त्यांच्या मागें. पुढें दोन सपाट पदर एकावर एक येतात. बाकी पट्टा आवळण्याची तऱ्हा एका आठवड्यांत अंगवळणी पडते. निवड करतांना आपले बाजारकरी पंचा निवडतात तसेंच करावें: कापड उजेडापुढें धरून वीण सारखी आहे कीं नाहीं तें पाहावें, चिमटींत चोळून खळीचें पीठ झडतें का तें पाहावें, आणि आटण्यासाठीं आधीं एकदां भिजवून मगच लांबी ठरवावी. लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. त्याखालीं गेली कीं चालतांना पायांत येते.

या सल्ल्यास हरकत आहे ती आम्ही जाणतों. शिवलेल्या निऱ्या वाऱ्यावर सुटत नाहींत, गाडींत बसतांना विसकटत नाहींत. शिवाय कासोटा नसल्यामुळें नेसलेला किल्ट सैल पडल्यास फजिती धोतरापेक्षां अधिक. सायकलीवर जाणाऱ्यानें म्हणूनच शिवलेलाच घ्यावा. शेतांत वांकून काम करणाऱ्यानें कोणताच न घेतां आपलें धोतर नेसावें, त्याहून सोईचें कांहीं डोंगरी लोकांपाशींहि नव्हतें. मात्र शिवलेला घेणारानेंहि एक खूण पाहून घ्यावी. चांगल्या किल्टाची खालची कड शिंपी दुमडीत नाहीं कीं शिवीत नाहीं. मागावर जो काठ विणला गेला तोच तेथें तसाच ठेवतात. स्वस्त मालांत ती कड कापलेली व दुमडून शिलाई मारलेली असते. दुकानांत प्रथम किंमतीची चिठी न पाहतां तो खालचा काठ उलटून पाहावा.