सेऊण यादव व होयसळ : यदुवंशी भाऊबंदांचे वैर

सेऊण यादव व होयसळ : बाराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दख्खनच्या मध्यभागासाठी एकमेकांशी झुंजलेली आणि तरीही स्वतःला एकाच यदुवंशातली म्हणवणारी दोन राजघराणी. सेऊणांची सुरुवात सिन्नर–चांदवडच्या परिसरात झाली, होयसळांची सोसेवूर येथे, म्हणजे चिकमगळूर जिल्ह्यातल्या आजच्या अंगडीत. दोघेही कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. आजचा अक्कलकोट तालुका या चालुक्य मुलखाच्या गाभ्यातला. त्याच्या दक्षिण शिवेवर भीमा वाहते. पश्चिमेला कलचुरींचे जुने ठाणे मंगळवेढा आणि ईशान्येला राजधानी कल्याणी, दोन्ही सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. सेऊण–होयसळांच्या मोठ्या लढाया पुढे दक्षिणेत कृष्णा, मलप्रभा आणि तुंगभद्रेच्या आसपास झाल्या, पण ज्या गादीच्या वारशासाठी त्या झाल्या ती गादी या भीमाकाठच्या शेजारची होती. एकवंशीय असल्याचा दावा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर यांत विसंगती दिसते खरी, पण ती वरवरची आहे. यदुवंशाचा दावा हा रक्ताच्या नात्याचा पुरावा नव्हे, तशी ती निव्वळ भाटगिरीही नव्हे. तो वारसाहक्काचा अर्ज होता, आणि एकाच मिळकतीसाठी दोन अर्ज आले की भांडण अटळच.

चालुक्यांची सत्ता बाराव्या शतकाच्या मध्यावर खिळखिळी झाली. मंगळवेढ्याच्या बाजूने आलेल्या कलचुरी बिज्जलाने कल्याणी बळकावली. चालुक्य राजा चौथ्या सोमेश्वराने ती काही वर्षे परत मिळवली, पण ११८९ च्या सुमारास चालुक्यांचा खेळ आटोपला. उत्तरेकडून सेऊण भिल्लम पाचवा उतरला, त्याच सुमारास त्याने देवगिरी वसवली. दक्षिणेकडून होयसळ बल्लाळ दुसरा वर सरकला. गदगजवळ सोरटूर येथे ११९१ च्या आगेमागे दोघांची गाठ पडली आणि बल्लाळाची सरशी झाली. या संघर्षाचा सर्वांत बोलका पुरावा रणांगणात नाही, गदगच्या त्रिकूटेश्वराच्या देवळात आहे. शके १११३ (इ.स. ११९१) मध्ये भिल्लमाने या देवाला एक गाव दान दिल्याचा लेख आहे, आणि शके १११४ (इ.स. ११९२) मध्ये त्याच देवाला बल्लाळाने दुसरे गाव दिल्याचा लेख आहे. वर्षभरात मुलखाचा धनी बदलला, देव तोच राहिला. नव्या धन्याने जुन्या धन्याचा लेख फोडला नाही. त्याच देवळात आपला लेख कोरून आपण आता इथले दाते आहोत एवढे जाहीर केले. त्या काळी दान देण्याचा अधिकार गाजवणे म्हणजेच सत्ता गाजवणे होते, आणि ते दोघांनाही पुरते ठाऊक होते.

आता वंशावळीकडे. सेऊण राजा रामचंद्राचा मंत्री हेमाद्री याच्या व्रतखंडातली राजप्रशस्ती सेऊणांचे कुळ कृष्णापर्यंत नेते आणि मथुरा–द्वारकेवरून दक्षिणेत उतरवते. होयसळांची कथा सळ नावाच्या पुरुषाची आहे: जैन मुनीच्या सांगण्यावरून त्याने वाघ मारला आणि कुळाला नाव मिळाले. त्या कथेलाही पुढे यदुवंशाची जोड दिलेली आढळते. इथपर्यंत काही विशेष नाही. मध्ययुगात ज्याच्या हाती चार गावे आली त्याने सूर्याला किंवा चंद्राला आपला पूर्वज नेमला. लक्ष द्यायला हवे ते बिरुदाकडे. ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, म्हणजे द्वारकेचा स्वामी, हे बिरुद दोन्ही घराण्यांच्या लेखांत आहे. द्वारका यांपैकी कोणाच्याच ताब्यात नव्हती, दोघांनाही ती जिंकायची नव्हती. चालुक्यांच्या मांडलिकांमध्ये अशी ‘अमुक पुरवराधीश्वर’ छापाची बिरुदे घराण्याची प्रतिष्ठा सांगण्यासाठी वापरली जात. मालक होता तोवर दोन मांडलिकांनी एकच मूळगाव सांगितले तरी कोणाचे बिघडत नव्हते. मालक गेला, आणि तेच बिरुद दोघांच्या तोंडी एकमेकांच्या विरोधात वाजू लागले.

यावर पहिला आक्षेप असा की प्रशस्त्या लिहिणारे पंडित पगारी होते, त्यांच्या अतिशयोक्तीतून राजकीय अर्थ काढणे म्हणजे वाळूतून तेल काढणे. आक्षेपात तथ्य आहे. होयसळ बाजूचा एक लेख भिल्लमाच्या फौजेत दोन लाख पायदळ आणि बारा हजार घोडदळ होते असे सांगतो. हा आकडा कोणी जसाच्या तसा मानत नाही. १२७६ ची मोहीम घ्या. रामचंद्राचा सेनापती साळुव तिक्कम द्वारसमुद्रावर चालून गेला. सेऊण बाजू म्हणते, त्याने होयसळांची राजधानी लुटून हत्ती-घोडे आणले. होयसळ बाजू म्हणते, बेळवाडीपाशी त्याला चोपून पिटाळले. बहुधा दोन्ही अर्धसत्ये आहेत: तो राजधानीच्या दारापर्यंत गेला, लूट घेतली, आणि टिकाव न लागल्याने परतला. परंतु अतिशयोक्ती आकड्यांत असते, विजयाच्या मापात असते. आपण कोणाच्या बरोबरीचे आहोत हे सांगताना पंडिताला असे मोकळे रान नसते, कारण ते ऐकणारे सामंत, अग्रहार आणि मठ ते दावे ओळखत असतात. म्हणून लढाईचा तपशील प्रशस्तीवरून ठरवू नये. लढाई कशाच्या हक्कासाठी आहे हे मात्र तिच्यावरून ठरवता येते.

दूरच्या एका उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होते. मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये, मवाब हे राज्य होते, पलीकडे इस्राएल. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथात मवाबींचा मूळपुरुष अब्राहामाचा पुतण्या लोट याच्या मुलीपासून झाला, आणि तोही खुद्द लोटापासून, असे सांगितले आहे. नाते मान्य करायचे आणि त्याच वाक्यात शेजाऱ्याची अब्रू काढायची, असा हा प्रकार. पण अनुवाद ग्रंथात तेच नाते जमिनीच्या हक्काचा आधार होते: लोटाच्या वंशजांना तो प्रदेश देवाने दिला आहे, म्हणून मवाबाशी लढाई काढू नये, अशी आज्ञा तिथे आहे. त्याच ग्रंथात पुढे मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये असेही आहे. आणि रूथच्या ग्रंथात एक मवाबी विधवा दावीद राजाची पणजी ठरते. झगडा होता तो मुख्यतः आर्णोन नदीच्या उत्तरेच्या पठाराचा. मवाबची बाजू १८६८ पर्यंत फक्त शत्रूच्या ग्रंथातून कळत होती. त्या वर्षी धिबान येथे, म्हणजे प्राचीन दीबोनमध्ये, मेशा राजाचा ३४ ओळींचा शिलालेख उजेडात आला. तो इ.स.पू. नवव्या शतकातला असून आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. सापडल्यावर तो फोडला गेला, पण आधी घेतलेल्या ठशामुळे मजकूर बराचसा वाचला. त्यात मेशा म्हणतो की कमोश देव आपल्या भूमीवर कोपला म्हणून इस्राएलच्या अम्रीने मवाबला छळले, आणि आता कमोशानेच विजय दिला. बायबलमध्ये, राजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, याच मेशाचे बंड आहे; तिथे इस्राएली सैन्य मवाबची गावे उद्ध्वस्त करते, पण मेशा कोटावर आपल्या थोरल्या मुलाचा बळी देतो तेव्हा वेढा उठवून परत फिरते. दोन्ही वृत्तांतांत जिंकणारा वेगळा, तर्काची घडण एकच, आणि मेशाची भाषा हिब्रूच्या इतकी जवळची की अभ्यासकांना ती वाचायला फारसे अडले नाही.

अर्थात, दोन हजार वर्षे आणि अर्धा आशिया मध्ये असताना ही तुलना ओढूनताणून आणलेली आहे, असे कोणी म्हणेल. साम्य सिद्ध करण्यासाठी ती आणली असती तर हा आरोप खरा ठरला असता. तिचा खरा उपयोग फरक दाखवण्यात आहे. मेशा नबो गाव घेतो तेव्हा तिथली इस्राएलच्या देवाची, यहोवाची, पात्रे ओढून कमोशापुढे आणतो. अटारोथ गावची माणसे तो देवाच्या नावाने मारतो. तिथे प्रत्येक राज्याचा देव वेगळा होता आणि देवाची हार-जीत राज्याबरोबर होत होती. सेऊण आणि होयसळ यांचे देव सामाईक होते. त्यामुळे त्यांच्या वैराला धर्माची धार आली नाही. ते अधिक सभ्य होते असे नाही, त्यांना देऊळ लुटून मिळवण्यापेक्षा देवळाचा दाता होऊन अधिक मिळत होते एवढेच.

याचा सर्वांत जवळचा दाखला सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात आहे. विठ्ठलमंदिराच्या सोळखांबीच्या तुळईवर शके ११५९ (इ.स. १२३७) चा संस्कृत–कानडी लेख आहे, आणि तो होयसळ सोमेश्वराचा आहे. भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, काठी मुक्काम असताना त्याने देवाच्या पूजाअर्चेसाठी गाव दिल्याचे त्यात नोंदले आहे. त्या वर्षी देवगिरीच्या गादीवर सिंघण दुसरा होता, सेऊणांतला सर्वांत बलाढ्य राजा, आणि पंढरपूर त्याच्या मुलखात मोडत होते. सोमेश्वर इथे स्वारीत आला की तहाच्या दिवसांत, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. स्वारीचा तर्क मला अधिक पटतो, कारण परक्याच्या मुलखातल्या देवाला गाव लावून देणे हे नुसत्या यात्रेकरूचे काम नव्हे. त्याच देवळात भिल्लमाच्या काळचा शके ११११ (इ.स. ११८९) चा लेख आहे, आणि शके ११९५ ते ११९९ या काळातला, रामचंद्र व हेमाद्री यांची नावे असलेला, ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ही आहे. दोन्ही घराणी एकाच विठ्ठलाच्या दारी हजेरी लावून गेली.

आणखी एक समज इथेच निकालात निघतो, तो म्हणजे हे वैर मराठी विरुद्ध कानडी असे होते. शालेय इतिहासाने देवगिरीला आपले मानले आणि द्वारसमुद्राला दक्षिणेत ढकलले, त्यातून हा समज रुजला. प्रत्यक्षात सेऊण राजांच्या लेखांचा मोठा भाग कानडीत आहे. श्रीनिवास रित्ती यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या घराण्याचे मूळच कानडी मानले. मूळ काहीही असो, ज्या मुलखात जी भाषा चाले त्या भाषेत राजा दानपत्र कोरवून घेई. अक्कलकोटपासून फार दूर नसलेल्या हत्तरसंग-कुडल येथे, भीमा–सीना संगमावर, १०१८ सालचा मराठी शिलालेख मिळाला, तोही कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीतला.

अखेर १३०७ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर याने रामचंद्राला दिल्लीला नेले आणि मांडलिक करून परत पाठवले. १३११ मध्ये काफूर द्वारसमुद्रावर निघाला तेव्हा रामचंद्राने त्याला रसद पुरवली आणि सीमेवरचा आपला अधिकारी वाट दाखवायला दिला. याला फितुरी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की रामचंद्राच्या दृष्टीने हा सव्वाशे वर्षांच्या जुन्या खटल्यातला आणखी एक डाव होता. नवा मालक आला आहे आणि त्याच्या दरबारात आपला अर्ज पुढे सरकवायचा आहे, एवढेच त्याला दिसले. पाच-सात वर्षांत देवगिरीचे राज्य संपले; होयसळ बल्लाळ तिसरा १३४२ च्या सुमारास मदुरैच्या सुलतानाविरुद्ध लढताना गेला.

भीमाकाठचा पट्टा पुढे बहमनी, आदिलशाही आणि अठराव्या शतकात अक्कलकोटच्या भोसल्यांकडे गेला. सीमाप्रश्नावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्याला द्यावे अशी शिफारस केली, महाराष्ट्राने ती फेटाळली. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी सोलापूर–अक्कलकोटवरचा दावा पुन्हा मांडला. या वादात दोन्हीकडून शिलालेख पुढे केले जातात: कानडी लेख दिसला की गाव कर्नाटकाचे, यादवांचे नाव दिसले की महाराष्ट्राचे. एकाच दगडावर यादव राजाचे नाव आणि कानडी मजकूर असतो तेव्हा हा हिशेब कोणालाच जुळवता येत नाही.