जमीन किती सरकते? उपग्रहांच्या नोंदींचा हिशेब

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झाला. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १ जानेवारी १९९४ रोजी, जगभरातील जीपीएस केंद्रांच्या नोंदी एकत्र करणारी 'आयजीएस' ही आंतरराष्ट्रीय सेवा अधिकृतपणे सुरू झाली. त्यामुळे भूकंपापूर्वी तेथील जमीन कशी ताणली जात होती, याची सलग उपग्रहीय नोंद उपलब्ध नाही.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो. हा वेग मोजणे आता अवघड राहिलेले नाही. मात्र, भूपट्टाच्या अंतर्भागात, म्हणजे मराठवाड्यासारख्या प्रदेशात, दोन ठिकाणांमधील सापेक्ष हालचाल वर्षाला जेमतेम एक-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. खरी कसोटी लागते ती येथे.

उपग्रह सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांच्या संदेशलहरीची लांबी १९ सेंटिमीटर असून, तिचा सूक्ष्म अंश मोजून केंद्राचे स्थान काढले जाते. आयनांबरामुळे होणारा विलंब दोन वारंवारता वापरून वजा करता येतो. हवेतील बाष्पाचा विलंब मात्र गणितातच अज्ञात राशी म्हणून सोडवावा लागतो. पावसाळ्यात तो काही डेसिमीटर भरतो. उपग्रहांच्या अचूक कक्षा 'आयजीएस'कडून सुमारे दोन आठवड्यांनी मिळतात, म्हणून अंतिम उत्तरासही तेवढा वेळ लागतो.

केंद्रांची संख्या हजारांत गेली, की सर्वांचे गणित एकदम मांडणे संगणकालाही जड जाते. अमेरिकेतील एमआयटीच्या 'गॅमिट' प्रणालीत केंद्रांचे लहान गट पाडून, सामाईक केंद्रांच्या आधारे ते पुन्हा जोडतात. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक केंद्राचे स्थान स्वतंत्रपणे काढले जाते. नेवाडा विद्यापीठाची प्रयोगशाळा याच मार्गाने जगभरातील वीस हजारांहून अधिक केंद्रांच्या नोंदी हाताळते.

एवढे करूनही फसगत होऊ शकते. आपल्याकडील काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खांब खडकापर्यंत नेला नाही, तर मोजली जाते ती मातीची हालचाल! पावसाळ्यात साठलेल्या पाण्याच्या भारानेही भूपृष्ठ काही मिलिमीटर दबते व नंतर वर येते. अँटेना बदलल्याची नोंद राहून गेली, तर आलेखात खोटी उडी दिसते. म्हणून एक मिलिमीटरबद्दल विश्वासाने बोलण्यासाठी अनेक वर्षांच्या अखंड नोंदी लागतात.

नांदेड शहराला २००६ पासून काही वर्षे सौम्य धक्के बसत होते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व तो नांदेडलाही जाणवला. अशा धक्क्यांनी दूरच्या केंद्राचे स्थान मोजण्याइतके बदलत नाही. त्यांच्यासाठी भूकंपमापकच हवा. भूकंप कधी होणार, हे जीपीएसही सांगत नाही. ताण कोठे साठत आहे, एवढेच त्यातून कळू शकते.

'आयजीएस'ची जवळची केंद्रे हैदराबाद व बंगळूर येथे आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात जमीन मोजणीसाठी 'कॉर्स' केंद्रांचे जाळे उभारले आहे. शेताच्या बांधाला काही सेंटिमीटरची अचूकता पुरते, भूशास्त्राला पुरत नाही. पण त्याच केंद्रांच्या नोंदी वर्षानुवर्षे जपल्या, तर त्या दोन्ही कामांना येतात.