गवताखालचा इतिहास

डोंगरमाथ्यावर मोकळे गवत दिसले की आपण त्याला निसर्गाची देणगी म्हणतो. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, युक्रेनच्या सरहद्दीलगत, तार्नित्सा शिखर चढू लागलो तेव्हा आमचीही समजूत तीच होती. उंची १,३४६ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईहून ३०० मीटरांनी कमी. वाट आधी बीच वृक्षांच्या दाट रानातून जाते आणि एकाएकी उघड्या गवतावर येते. या माळांना तिकडे ‘पोवोनिना’ म्हणतात.

माथ्यावरचा वारा झाडांना वाढू देत नाही, हे खरे. परंतु रान मागे सारून गवत खालपर्यंत आणले ते बोइको गुराख्यांनी. पिढ्यान् पिढ्या त्यांनी येथे बैल आणि मेंढरे चारली.

मग हे गुराखी गेले कोठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर या डोंगरांत युक्रेनी बंडखोर आणि पोलिश सैन्य यांची झुंज चालू होती. १९४४ ते १९४६ या काळात पुष्कळांना सोव्हिएट युक्रेनमध्ये धाडण्यात आले. २८ मार्च १९४७ रोजी जनरल श्विएर्चेव्स्की बंडखोरांच्या हल्ल्यात मारले गेले. बरोबर एक महिन्याने ‘व्हिस्तुला मोहीम’ सुरू झाली. सुमारे १,४०,००० बोइको, लेम्को व इतर युक्रेनी माणसे पोलंडच्या पश्चिम आणि उत्तर भागांत विखरून टाकली गेली. बंडखोर थोडे, शिक्षा मात्र म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सर्वांना.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्यास सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला होता. त्यांतील बहुतेकांना सोव्हिएट सत्तेने घरांतून उपटून दूर नेले होते. म्हणजे जे दुःख पोलिश माणसाने भोगले, तेच त्याच्या देशात दुसऱ्याच्या वाट्याला आले. आणि हा हुकूम सुटला तो कष्टकऱ्यांचे नाव घेणाऱ्या सरकारकडून! कामगारांच्या बावट्याखाली आयुष्य घालविलेल्या आम्हांला हे सांगणे जड जाते. म्हणूनच ते आम्ही सांगितले पाहिजे. पोलंडच्या सिनेटने ३ ऑगस्ट १९९० रोजी या मोहिमेचा निषेध केला. तोवर ४३ वर्षे लोटली होती.

आज तेथे १९७३ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. चराई थांबल्यामुळे गवतात झुडपे शिरत आहेत. खोऱ्यांत मधूनच सफरचंदाची जुनी झाडे भेटतात. जवळ घर मात्र नसते. उतरताना आम्ही अशाच एका झाडाखाली थांबलो. ज्याने ते लावले, त्याचे अंगण तेथेच कोठेतरी होते.