एका कॅसेटचा इतिहास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं बजावलं होतं, "घंटा, डबा आणि छडी सोडून काहीतरी लिही. त्यावर अकरा लेख आधीच आलेत." म्हणून एका कॅसेटवर लिहितो आहे. ती शाळेतली नाही. आपली दहावी १९९२ची आणि ही कॅसेट १९९५ची. पण तिच्या गोष्टीत आपल्या वर्गातले दोघं आहेत. एक मी. दुसऱ्याचं नाव लिहीत नाही, पण तुम्ही ओळखालच. लेख छापायच्या आधी त्याला वाचून दाखवला आहे.

इतिहासाच्या बाई आपल्याला सांगायच्या, सनावळ्या पाठ करून कुणी इतिहासकार होत नाही. 'कारणे लिहा' आणि 'परिणाम लिहा' हे दोन प्रश्न नीट सोडवा. बाई, तुमच्याच पद्धतीनं उत्तर लिहायचा प्रयत्न करतो.

कॅसेट होती 'ग्रीन डे' या अमेरिकन बँडची, अल्बमचं नाव 'डूकी'. १ फेब्रुवारी १९९४ला तो प्रसिद्ध झाला. बिली जो आर्मस्ट्राँग गाणारा आणि गिटारवाला, माइक डर्न्ट बेसवर, ट्रे कूल ड्रमवर. तिघंही जेमतेम एकवीस-बावीस वर्षांचे. चौदा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आत संपतात. या प्रकाराला पॉप-पंक म्हणतात: पंकचा वेग आणि राग, पण चाल अशी की एकदा ऐकली की आंघोळ करताना गुणगुणावी.

आता कारणे. पंक संगीत १९७०च्या दशकातलं. न्यूयॉर्कमध्ये रामोन्स, लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स. तीन-चार कॉर्ड, भरपूर आवाज आणि 'गाणं म्हणायला उस्ताद असावं लागत नाही' हा विश्वास. पुढं ते मागं पडलं, पण विझलं नाही. कॅलिफोर्नियात बर्कली शहरात गिलमन स्ट्रीटवर ९२४ नंबरच्या जागेत १९८६च्या अखेरीस तरुणांनी एक क्लब सुरू केला. तो स्वयंसेवक चालवत. कुठल्याही वयाच्या मुलामुलींना प्रवेश. आत दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांचा अपमान नाही. आपल्या गल्लीतल्या मंडळासारखंच म्हणा ना, फक्त वर्गणीची जबरदस्ती नसलेलं.

जवळच्याच रोडिओ गावचा बिली जो या क्लबात वाढला. रोडिओ म्हणजे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतलं गाव. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ ड्रम वाजवायचे. मुलगा दहा वर्षांचा असताना ते गेले. आई हॉटेलात वेट्रेस. अठरा पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी त्यानं शाळा सोडली. ग्रीन डेचे पहिले दोन अल्बम 'लुकआउट' या छोट्या स्थानिक कंपनीनं काढले.

मग १९९१ साली निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' तुफान खपला आणि मोठ्या कंपन्या असल्या खडबडीत बँडच्या शोधात निघाल्या. ग्रीन डेनं १९९३मध्ये 'रीप्राइज'शी करार केला. निर्माता रॉब कॅव्हालोबरोबर बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत अल्बम ध्वनिमुद्रित झाला. पण गिलमनचा नियम होता की मोठ्या कंपनीच्या बँडला इथं मंच नाही. ज्या घरानं वाढवलं त्याचं दार बंद झालं. जुन्या मित्रांच्या लेखी हे गद्दार ठरले. गिलमनच्या मंचावर ते पुन्हा वाजले ते थेट २०१५ साली, तेही मदतीच्या कार्यक्रमासाठी.

वाईहून रात्रीच्या एस.टी.नं मुंबईला गेलेल्या आम्हा दोघांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मेसच्या पैशातून काटकसर करून आम्ही काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून ती कॅसेट आणली. हॉस्टेलच्या टेपवर ती इतकी वाजली, की फीत बाहेर येऊन पेन्सिलीनं गुंडाळायची वेळ कितीदा आली त्याला गणती नाही. आमच्या दोघांत इंग्रजी त्याचं चांगलं. थांबवून-थांबवून, मागं घेऊन त्यानं सगळी गाणी एका शंभरपानी वहीत उतरवली होती.

त्यातलं 'बास्केट केस' आमचं सर्वांत लाडकं. ते लागलं की खोलीतले सहाही जण कॉटवर उड्या मारायचे. आम्हाला वाटायचं, एका वेडपटाचं मजेशीर गाणं आहे. व्हिडिओही मनोरुग्णालयाच्या इमारतीत चित्रित केलेला, भडक रंगांचा. त्यामुळं समज पक्का झाला.

त्याच वर्षी आपल्या मित्राला रात्रीचं काहीतरी व्हायला लागलं. झोपेतून उठून बसायचा. हातपाय गार, छाती धडधडतेय, श्वास पुरत नाही. "मी मरतोय रे," म्हणायचा. पहिल्या वेळी आम्ही टॅक्सी करून दवाखान्यात नेलं. कार्डिओग्राम नॉर्मल आला. "काही नाही, घाबरलाय," असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी आम्ही उठलो, तिसऱ्या वेळी कुशीवर वळलो. पुढं त्याचं नावच 'हार्टफेल' पडलं. हे नाव मी ठेवलं होतं.

एकदा वही पुढ्यात घेऊन तो म्हणाला, "हे गाणं माझ्यावर आहे." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं.

दुसऱ्या वर्षानंतर तो कॉलेज सोडून वाईला परतला आणि वडिलांच्या दुकानात बसायला लागला. मी पत्र लिहिलं नाही. सुट्टीत गावी आलो तरी त्या गल्लीतून जाणं टाळायचो.

गेल्या वर्षी मुलीनं मोबाइलवर 'डूकी' लावला. तिला तो नवा, मला तीस वर्षांनी. म्हणून बँडविषयी वाचायला बसलो आणि कळलं, की 'बास्केट केस' हे बिली जोनं स्वतःच्या अशाच झटक्यांवर लिहिलं होतं. त्याला पॅनिक डिसऑर्डर होता, पण हे निदान गाणं लिहिल्यानंतर बऱ्याच काळानं झालं. आपल्याला काय होतंय हे कळेना, म्हणून त्यानं ते गाण्यात मांडलं होतं. म्हणजे वहीवाल्याचा अर्थ बरोबर होता. उड्या मारणारे पाचजण नापास.

परिणाम लिहा. अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. १९९५ साली त्याला ग्रॅमी मिळालं. पंक गल्लीतून बाहेर येऊन घराघरांत पोचलं आणि ब्लिंक-१८२सारख्या पुढच्या बँडना वाट मिळाली. २०२४मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याचा समावेश केला. ज्याला आमचे रेक्टर 'कोकलणं' म्हणायचे, ते आता राष्ट्रीय ठेवा आहे.

दुसरा परिणाम कुठल्या यादीत नाही. या मेळाव्याच्या तयारीसाठी वाईला गेलो, तेव्हा दुकानात जाऊन त्याची माफी मागितली. त्यानं आधी चहा सांगितला. मग म्हणाला, "तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं काय होतंय ते?" दहा वर्षांपूर्वी पुण्याच्या डॉक्टरांनी त्या त्रासाला नाव दिलं. औषधं, समुपदेशन झालं, आता बरा आहे. मध्ये वीस वर्षं नुसती भीती बाळगण्यात गेली, हे त्यानं अगदी हिशोब सांगावा तसं सांगितलं. "कुणी नाव सांगितलं असतं तर डिग्री झाली असती," एवढंच. ते वाक्य मी घेऊन आलो आहे आणि ते माझ्याकडेच राहील.

आपल्यातले बरेच जण आता शिक्षक आहेत, सगळेच आईबाप आहेत. एखादं मूल छाती धडधडते म्हणालं आणि कार्डिओग्राम नॉर्मल आला, तर तिथं थांबू नका, एवढं सांगायला हा लेख.

निघताना त्यानं गल्ल्याखालून शंभरपानी वही काढली. त्याचा टेप अजून चालतो. मेळाव्याला तो टेप घेऊन येणार आहे, कॅसेट मी आणतो. बाई, तुम्हाला आवाज मोठा वाटला तर सांगा, कमी करू.