सटवीची लेखणी, सुईणीचा विळा

बाळंतिणीच्या खोलीत पाचव्या-सहाव्या रात्री पाटा मांडायचा, त्यावर वरवंटा ठेवून हळदकुंकू वाहायचं, शेजारी कोरा कागद आणि लेखणी. आधी बोरू असे, मग टाक आला, माझ्या नोकरीच्या काळात बॉलपेन. दिवा विझू द्यायचा नाही आणि बायकांनी जागायचं. त्या रात्री सटवाई येते, बाळाच्या कपाळी लिहून जाते. लिहिलेलं कुणाला दिसत नाही, पुसता येत नाही. दारिद्र्य असो की दुखणं, आयुष्यभर पाठ सोडत नसलं की ते ‘पाचवीला पुजलेलं’ असतं.

1980च्या दशकात मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात उपकेंद्रावर नर्स होते. हीच रात्र का निवडली असावी, हे मला पोथीतून नाही, कामातून कळलं. नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसू लागतो. चांगलं अंगावर पिणारं बाळ अचानक ओढायचं थांबतं, जबडा आवळतो, हात लावला तरी अंग धनुष्यासारखं ताणतं. बहुतेक बाळं वाचत नसत. ही चालच या दुखण्यामुळे पडली, असा दावा मी करणार नाही. पण ज्या दिवसांत भीती खरी होती, त्याच दिवसांत पहारा बसवला होता, एवढं दिसतं. अशा बायकांना दैववादी कसं म्हणायचं? नशिबावर सगळं सोडलेला माणूस रात्रभर दिवा राखत बसत नाही.

सटवीला दूर ठेवायला बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवत. विळा, सुरी, जे हाताशी असेल ते. आणि नाळही बरेचदा विळ्यानेच कापत. तोच विळा सकाळी गवताला, संध्याकाळी गोठ्यात. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. किटासाटो या जपानी शास्त्रज्ञाने ते 1889मध्ये वेगळे करून दाखवले. त्यानंतर शंभर वर्षं होत आली तरी आमच्या भागात कापलेल्या नाळेवर राख नाहीतर शेण लावलं जात होतं.

‘लिहिलेलं चुकत नाय, नर्सबाई,’ असं एक म्हातारी सुईण मला ऐकवायची. मी वाद घालत नसे. पण नंतर दाईंच्या प्रशिक्षणाला तीच पुढे बसली. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, नाळेला काही लावायचं नाही, असा पाठ चालला होता. मधे कुणीतरी सटवीचा विषय काढला, तर तीच वैतागून म्हणाली, ‘तिचं काम ती करंल. बिलेड कुटं मिळंल त्ये सांगा.’

तिला माहीत नसेल, पण चरकसंहितेत जवळपास हाच प्रश्न आला आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अग्निवेश आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं का? आत्रेय म्हणतात, दैव आणि पुरुषकार दोन्ही मिळून ते ठरतं. आणि दैव तरी काय, आपलंच मागच्या जन्मीचं कर्म. सगळंच ठरलेलं असतं, तर औषध कुणी घेतलं नसतं, चवताळलेल्या जनावराच्या वाटेतून कुणी बाजूला झालं नसतं. पुढे गाडीच्या आसाचा दाखला आहे. चांगला आस आपल्या वेळेला झिजतो; ओझं फार झालं, रस्ता वाईट असला, हाकणारा धड नसला, तर अवेळी मोडतो. वैद्याला याहून वेगळी भूमिका परवडणारी नव्हती, असं मला वाटतं.

खुद्द सटवाईच्या मुलीची एक गोष्ट आहे. इरावती कर्वे यांनी 1950मध्ये ती इंग्रजीतून प्रसिद्ध केली. आपल्या कपाळी काय लिहिलंय, हे मुलगी आईला विचारते. उत्तर येतं, तू स्वतःच्या मुलाशी लग्न करशील. ते टाळायला ती रानात जाऊन राहते. तरी मूल होतं, ती ते टाकते, दुसरं घर त्याला वाढवतं आणि शेवटी त्याच्याशीच तिचं लग्न होतं. पुढे एका कापडावरून तिला सगळं उमगतं. ग्रीक नाटकातला राजा अशा वेळी स्वतःचे डोळे फोडतो. ही बाई कुणाला काही सांगत नाही, संसार करते. मला ती हरलेली वाटत नाही. लग्न लिहिलेलं होतं. कळल्यानंतर काय करायचं, ते तिचं तिने ठरवलं.

मूल गेलं की ‘सटवीनं नेलं’ म्हणत, तोवर घरात कुणावर ठपका येत नसे. रडणाऱ्या आईला त्या शब्दाचा आधार होता, हे मी पाहिलंय. विळ्याचं कळल्यावर मात्र सगळ्यांची बोटं सुईणीकडे वळली. तिच्यावर हा अन्याय होता. बाळंतपणाला धान्य नाहीतर लुगडं मिळणाऱ्या बाईच्या हातात नवं ब्लेड कुणी दिलं होतं? आईला गरोदरपणी धनुर्वाताची दोन इंजेक्शनं मिळाली असती, तर बाळाला तिच्याकडूनच संरक्षण मिळालं असतं. ती देणं सुईणीच्या हातात नव्हतंच.

भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं 2015मध्ये जाहीर झालं. उच्चाटन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण. तोवर बाळंतपणं दवाखान्यात गेली होती आणि सुईणींचं काम गेलं होतं.

आमच्या वेळी असं मूल दगावलं की चौकशीला जाऊन लिहून आणावं लागे: बाळंतपण कुठे झालं, नाळ कशाने कापली, नाळेला काय लावलं, आईला इंजेक्शन दिलं होतं का. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आम्ही नर्सा भराभर लिहायचो. चौथ्यापुढे ‘नाही’ लिहायचं, तर पुढचा प्रश्न सुईणीला नाही, उपकेंद्राला यायचा.