मैदानाचा हिशेब

उपनगरांत खेळतो कोण, असे विचारले की क्रीडासंकुलांची सभासदसंख्या पुढे केली जाते. अंधेरीचे शहाजीराजे भोसले संकुल भरलेले असते, मुलुंडचेही. तेव्हा सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष निघतो. आम्हां कामगारांत वावरणाऱ्यांना हा हिशेब वेगळ्या टोकाकडून मांडावासा वाटतो. खेळायला वेळ कोणाला मिळाला, आणि जागा कोणाला?

वेळेची गोष्ट आधी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने 1890 साली मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुटी मिळाली. 1922 च्या कायद्याने आठवड्याचे तास साठावर आणले, 1934 साली बारमाही कारखान्यांत ते चोपन्न झाले आणि 1948 साली अठ्ठेचाळीस. गिरणगावच्या कबड्डीचा, व्यायामशाळांचा आणि भजनी मंडळांचा इतिहास या सुटलेल्या तासांपासून निराळा काढता येत नाही.

उपनगरांत मात्र गंमत अशी झाली की कायद्याने दिलेले तास लोकलने परत घेतले. महापालिकेची हद्द 1950 साली वाढली, 1957 साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. वस्ती वाढली, आग्रा रोडच्या कडेने कारखाने वाढले. बोरिवलीला राहणारा आणि घाटकोपरला कामाला जाणारा माणूस दादरला गाडी बदलून घरी पोचतो तेव्हा अंधार पडलेला असतो. शिवाय पाळी दर आठवड्याला बदलते. ज्याची रात्रपाळी तो संघात नाही, ही आमच्या कबड्डीच्या कप्तानांची कायमची रड. बायकांचे तर बोलायलाच नको. नळाच्या वेळेपुढे त्यांना दुसरी वेळ नव्हती. मंगळागौरीच्या रात्री त्या पहाटेपर्यंत झिम्मा-फुगड्या घालीत, पण तो खेळ कोणत्या नोंदवहीत चढला?

1953 साली मुंबई कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. कल्याण केंद्रांत कॅरमबोर्ड आले, वाचनालये आली, नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. त्या निधीत कामगारांकडून वसूल झालेला दंड आणि त्यांनी न उचललेला पगार जमा होई, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. उशिरा आल्याबद्दल जो रुपया कापला गेला, तोच कुठेतरी सोंगटी होऊन परत आला म्हणायचा!

आता जागा. 1991 च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी ठेवला होता. 2001 साली तो नियम बदलून फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला. निदान त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्तमानपत्रांनी लिहिले. उपनगरांतल्या इंजिनिअरिंग कारखान्यांना तो नियम लागूच नव्हता. भांडुपकडच्या एका कारखान्यामागे पटांगण होते. फक्की मारून आमचे लोक तिथे सामने भरवीत. कारखाना बंद झाला तेव्हा आम्ही रात्र रात्र जागून ग्रॅच्युइटी, थकलेला पगार, रजेचे पैसे यांवर घासाघीस केली, आणि बरीच रक्कम मिळवलीही. पटांगणाचा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. आमच्याही नाही. मागणीपत्राच्या सतरा कलमांत ते नव्हते.

तेथे आता उंच इमारत आहे, आत तिच्या रहिवाशांपुरती व्यायामशाळा आहे. त्या कामगारांची मुले रविवारी पालिकेच्या मैदानावर जातात. एकाच वेळी आठ सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीवर उभा असतो.